मामाची ट्रॉली पीएस फोरवर काऊन चढली नाही: दहा दिवसाच्या नोंदी

१५ नोव्हेंबर २०२३, भाऊबीज

ताई नागपूरहून आली आन भाच्याच्या बॅगेत कपडे कमी न पीएस फोर जास्त. पीएस फोर म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचा सोनी कंपनीचा डब्बा, ज्याला कन्सोल म्हणतात. स्लिम मॉडेल, सेकंडहँड, मागच्या वर्षी भाऊजींनी १२,००० ला घेऊन दिलेलं, सोबत फार्मिंग सिम्युलेटर १९ या शेतीच्या गेमची डिस्क. हाच गेम माझ्याकडं पीसीवर आहे, २०२० च्या सुरुवातीला एपिक स्टोअरवर आठवडाभर फुकट होता तेव्हा घेऊन ठेवला होता. पीसी म्हणजे माझ्या झेरॉक्सच्या दुकानातलाच. जुलैत एक रुपयाच्या पीकविम्याचे फॉर्म भरू भरू त्याच्या कीबोर्डचं एन्टर बटन बसलं ते अजून तसंच आहे. तिसऱ्या पिढीचा आय फाईव्ह, ८ जीबी रॅम, आन जुनं घेतलेलं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड, ३,५०० चं.

गेममधे कापूस आहे. पण वेचायला बाया नाही, घराएवढं मशीन आहे. बाबांनी ते पाहिलं न म्हणाले, "याच्या एका चाकाखाली माझ्या कपाशीच्या दोन ओळी जातीन." आन भाचा म्हणे, "मामा, सगळं आहे याच्यात, आपली लाल ट्रॉली काऊन नाही?"

मी म्हटलं दोन दिवसाचं काम आहे, बनवून देतो, तुझ्या पीएस फोरवर बी टाकून देतो. हे वाक्य बोललो नसतो तर या नोंदी लिहायची पाळीच आली नसती.

१६ नोव्हेंबर

सकाळी गेमच्या डेटा फोल्डरमधून एका छोट्या ट्रेलरची एक्सएमएल फाईल उचलली. नोटपॅडमधे उघडते, सगळं वाचता येते, नाव, किंमत, किती लिटर माल मावते. नाव बदललं, किंमत १,८०,००० टाकली कारण आपल्याकडं ट्रॉली साधारण तेवढ्याला पडते. गेममधे रुपये नाहीत, युरो, डॉलर न पाऊंड एवढेच, हे मी विसरलो. भाचा म्हणे मामा एवढ्यात तर मोठी कंबाइन येते. दोन शून्य उडवले.

मग मॉड, म्हणजे गेममधे आपण बाहेरून टाकलेली भर, चढेचना. तीन चुका केल्या, तिन्ही लिहून ठेवतो कारण तुम्ही बी करसान.

पहिली. झिप करताना मी फोल्डरवर उजवं क्लिक केलं, त्यामुळं झिपमधे फोल्डर आन फोल्डरमधे फायली असं झालं. गेमला मॉडडेस्क नावाची फाईल झिप उघडल्या उघडल्या समोर पाहिजे. फोल्डरच्या आत जाऊन सगळ्या फायली सिलेक्ट करून मग झिप करा.

दुसरी, फाईलचं नाव. मी ठेवलं होतं दोनचा आकडा, मग स्पेस, मग ट्रॉली. गेम म्हणते नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आन खालची रेघ चालन, पहिलं अक्षर आकडा नको. हे तो लॉग फाईलमधे, म्हणजे आपल्या चुकांच्या वहीत, सरळ लिहून देते, पण लॉग मी उघडला दीड तासानं. पहिल्या मिनिटाला लॉग उघडा, बाकी डोकं नंतर लावा.

तिसरीची लाज वाटते. विंडोज फाईलचं शेपूट लपवून ठेवते, म्हणून माझी मॉडडेस्क एक्सएमएल दिसत होती पण खरी होती टीएक्सटी. व्ह्यूमधे जाऊन एक्सटेन्शन दाखवा ची टिक केली तेव्हा दिसलं. दुकानात रोज लोकांच्या पीडीएफ दुरुस्त करून देणारा माणूस मी.

संध्याकाळी ५ ला ट्रॉली दुकानात दिसली. नाव मराठीत टाकलं होतं, ते नीट उमटलंच नाही, गेमच्या फॉन्टमधे आपली अक्षरं नाहीत. इंग्रजी अक्षरात टाकलं. साडेपाचला लाईन गेली.

१७ नोव्हेंबर

रंग. एक्सएमएलमधे रंगाचे तीन आकडे असतात, लाल, हिरवा, निळा, पण ते शून्य ते एकच्या मधात पाहिजे. मी आपल्या सवयीनं २०० न ३० न ३० असे टाकले तर ट्रॉली ट्यूबलाईटसारखी पेटली. शून्य दशांश पाच वगैरे टाकून बरोबर आली.

मग भाच्याचा हट्ट, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूनं "आई-बाबांचा आशीर्वाद" पाहिजे. फॉन्टमधे मराठी नसली तरी चित्रात मराठी चालते, म्हणून गिंप या चित्राच्या प्रोग्राममधे लिहून, डीडीएस नावाची चित्रफाईल करून टेक्स्चरमधे, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रात, चिकटवलं. त्याच्यासाठी ट्रेलरच्या मॉडेलची आय थ्री डी फाईल आपल्या फोल्डरमधे आणून तिच्यातला टेक्स्चरचा रस्ता बदलावा लागते. तीन तासाचं काम एकदा लाईन गेल्यामुळं वाया गेलं, यूपीएसची बॅटरी दिवाळीआधीच फुगली आहे, १,१०० रुपये लागतीन, आज नाही.

रात्री चढवलं. डाव्या बाजूनं झकास. उजव्या बाजूनं सगळी अक्षरं उलटी, आरशात पाहिल्यासारखी. मूळ मॉडेल बनवणाऱ्यानं दोन्ही फाळक्यांसाठी टेक्स्चरचा एकच तुकडा वापरला, एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला पालटून. जागा वाचते, साध्या लाल पत्र्याला काही फरक पडत नाही, आशीर्वादाला पडते. दुरुस्त करायचं तर जायंट्स एडिटर किंवा ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलच्या प्रोग्राममधे बसावं लागन. ते मला येत नाही, तूर्तास उलटंच राहू दिलं.

१८ नोव्हेंबर

आज पीएस फोर. मला वाटलं होतं हे अर्ध्या तासाचं काम.

पेनड्राइव्हवर झिप टाकली, लावला, पीएस फोर त्याला ओळखेचना. कारण पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता आन पीएस फोरला एक्सफॅट नाहीतर फॅट थर्टी टू लागते. फॉरमॅट केला. पेनड्राइव्हमधे चुलतभावाच्या लग्नाचे फोटो होते, ते आधी काढले, हे एक काम मी बरोबर केलं.

आता पेनड्राइव्ह दिसला. झिप नाही दिसली. मीडिया प्लेअर उघडून पाहिलं तर त्याला फोटो, गाणे न व्हिडिओ कळते, बाकी फायली त्याच्यासाठी नाहीतच. मग मी पीसीसारखं फोल्डर शोधत बसलो. माय डॉक्युमेंट्स कुठं, गेमचं फोल्डर कुठं. दोन तास सगळ्या सेटिंग धुंडाळल्या. या डब्ब्यात फाईल मॅनेजर नावाची चीजच नाही. पीसीवर मॉड चढवणं म्हणजे काय केलं होतं मी? डॉक्युमेंट्स, माय गेम्स, फार्मिंग सिम्युलेटर, मॉड्स, त्याच्यात झिप टाकली. बस. ते "त्याच्यात" इथं नाही.

भाचा म्हणे, "मामा, नाव बदलून गाणं म्हणून टाकून पाहू." टाकून पाहिलं. पीएस फोर म्हणे ही फाईल वाजवता येत नाही. खरंच होतं ते.

१९ नोव्हेंबर, रविवार

वर्ल्ड कप फायनल. टीव्ही गावाचा झाला, पीएस फोर काढून ठेवलं. रात्री कोणी कोणाशी बोललं नाही. काम शून्य.

२० नोव्हेंबर

नवीन अक्कल सुचली. पीएस फोर सेव्ह गेम पेनड्राइव्हवर कॉपी करू देते. मग सेव्हच्या मागून घुसू.

आधी पीसीचा सेव्ह उघडला. सेव्हगेम वन नावाचं फोल्डर, आत फार्म्स, व्हेइकल्स अशा एक्सएमएल फायली. फार्म्स नोटपॅडमधे उघडली, मनी बरोबर अमुक लिहिलेलं, त्याच्यापुढं दोन नऊ जोडले, सेव्ह, गेम चालू, करोडपती. सोसायटीचं कर्ज असं फिटलं असतं तर.

मग पीएस फोरचा सेव्ह पेनड्राइव्हवर घेतला. पीएस फोर नावाचं फोल्डर, त्यात सेव्हडेटा, त्यात लंब्या आकड्याचं फोल्डर जे भाच्याच्या अकाउंटचं आहे, मग गेमचा कोड, मग एक मोठी फाईल आन तिच्या सोबत एक बारकीशी बिन फाईल. मोठी नोटपॅडमधे उघडली तर चौकोन, प्रश्नचिन्ह, चिनी दिसणारी अक्षरं, एक शब्द कामाचा नाही. ती बारकी फाईल म्हणजे किल्ली, आन ती किल्ली बी कुलपातच आहे जे फक्त कन्सोलला उघडता येते. तरी मी मोठ्या फाईलमधे एक अक्षर बदलून परत टाकून पाहिलं. सेव्ह खराब झाला म्हणे. मूळ कॉपी ठेवली होती, वाचलो. कॉपी ठेवत जा.

इथं थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो. पीएस फोरची हार्डडिस्क काढता येते, त्यात चोरी काही नाही, मोठी डिस्क लावायला कंपनीनंच तशी सोय ठेवली आहे. मागचा कोपऱ्याचा तुकडा सरकवला, एक स्क्रू, डिस्क बाहेर. दुकानातल्या साटा केबलनं पीसीला जोडली. विंडोजला त्यात ओळखीचं काहीच दिसेना. मी डिस्क मॅनेजमेंट उघडून उजवं क्लिक केलं आन बोट फॉरमॅटच्या वर गेलं, तेवढ्यात मागून ताई ओरडली, "अरे काय करून राह्यला तू, बारा हजाराचा आहे तो!" ती चहा घेऊन आली होती. तिला डिस्कमधलं काही कळत नाही पण भावाचं तोंड कळते.

डिस्क जशी होती तशी परत. पूर्ण डिस्क एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असते आन किल्ली त्याच डब्ब्याच्या चिपमधे, दुसऱ्या पीएस फोरमधे लावली तरी वाचता येत नाही. दोन तास गेले, कमाई एक कप थंड चहा.

२१ नोव्हेंबर

टोनरसाठी तालुक्याला गेलो. ओळखीच्या मोबाईल रिपेअरवाल्याला विचारलं. तो म्हणे जेलब्रेक करून देतो, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून देतो, १,५०० रुपये, सगळं चालन. मी विचारलं फर्मवेअर, म्हणजे डब्ब्याची आतली सिस्टीम, कोणतं लागन. मग खरं बाहेर आलं, जेलब्रेक ठराविक जुन्या फर्मवेअरलाच होते, कारण ते सिस्टीममधल्या एखाद्या भोकातून घुसणं आहे आन कंपनी दर अपडेटला भोकं बुजवत जाते. भाच्याचा डब्बा मागच्याच महिन्यात अपडेट झालेला, मागं जाता येत नाही. झालं असतं तरी ऑनलाईन गेल्यावर अकाउंट बंद व्हायची भीती. भाचा मित्रांसोबत ऑनलाईन खेळते. नाही म्हटलं.

परतीच्या एसटीत डोक्यात बसलं ते लिहितो, थिअरी नाही, दोन अनुभव आहेत.

२००९ मधे याच तालुक्याच्या कॅफेत, १५ रुपये तास, मी सॅन अँड्रियास नावाच्या गेममधे मॉड टाकायचो. त्याची युक्ती अशी होती की गेमला आवाजासाठी वॉर्बिस नावाची डीएलएल, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, लागते, ती तो आपल्याच फोल्डरमधे शोधते. मॉडवाल्यांनी त्याच नावाची आपली डीएलएल बनवली. गेम नाव पाहून तिला आत घेते, ती आवाजाचं काम मूळ डीएलएलकडून करून घेते आन जाता जाता आपल्या मॉडलाही आत ओढते. पीसीत कोणी विचारत नाही तू कोण. लग्नाच्या पंगतीत जसं जो बसला त्याच्या पत्रावळीवर वाढतात.

कन्सोलवर प्रत्येक प्रोग्रामला कंपनीची सही पाहिजे. चालू झाल्यापासून एक दुसऱ्याची सही तपासते, दुसरा तिसऱ्याची, मग गेम. गेमच्या पॅकेजमधे एक बाईट बदलला की सही जुळत नाही. आपल्या कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटासारखं समजा, पाकीट फोडून चार दाणे बदलून परत शिवलं तर आत चांगलंच बियाणं असलं तरी कृषी केंद्रवाला हात लावत नाही. डिस्कची बी तीच गत. ती ब्ल्यू रे आहे, माझ्या डीव्हीडी राइटरला दिसत बी नाही, आन बदलून दुसरी जाळली तरी कंपनीच्या छापील डिस्कवरची खूण तिच्यावर येत नाही.

मला जास्त राग याचा आला की डब्बा कमजोर नाही. पीएस फोरमधे एएमडीचा आठ कोरचा प्रोसेसर आहे, पीसीतल्याच जातीचा, आन ८ जीबी मेमरी, त्याची सिस्टीम बी फ्रीबीएसडी या पीसीवर चालणाऱ्या सिस्टीमवरून बनवलेली. म्हणजे आतून पीसीच, माझ्या दुकानातल्या पीसीपेक्षा खेळायला बरा. फक्त किल्ली आपल्याकडं नाही. आधीच्या पीएस थ्रीवर तर सुरुवातीला लिनक्स टाकायची सोय कंपनीनंच दिली होती, १ एप्रिल २०१० च्या अपडेटनं ती काढून घेतली. एप्रिल फूल नव्हतं.

त्यांची बाजू बी आहे म्हणा. कमाई मुख्य गेममधून, विकलेल्या प्रत्येक गेमवर त्यांचा वाटा, कुलूप काढलं की दुसऱ्या दिवशी फुकटच्या डिस्क बाजारात. आन भाचा ऑनलाईन खेळते तिथं कोणी पैशाच्या पुढं दोन नऊ लावून आलं तर हाच रडत येईन.

२२ नोव्हेंबर

सकाळी भाचा म्हणे, "मामा, गेममधे मॉडहब लिहिलेलं आहे ते काय आहे?"

चार दिवस. मेन मेनूत होतं. मी एकदाही पाहिलं नाही.

गोष्ट अशी की फार्मिंग सिम्युलेटरमधे १७ नंबरच्या गेमपासून, म्हणजे २०१६ पासून, कन्सोलवरही मॉड येतात. पण गेमच्या आतल्या मॉडहबमधूनच, आन जे गेम बनवणाऱ्या जायंट्स कंपनीनं स्वतः तपासून पास केले तेच. माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून भाच्यानं दोन ट्रेलर उतरवले, बटन दाबलं, आले. मी कपाळाला हात लावला.

आता बारीक गोष्ट. पीसीच्या यादीत जे आहे ते सगळं कन्सोलच्या यादीत नाही. ज्या मॉडमधे स्वतःची स्क्रिप्ट आहे, लुआ भाषेत लिहिलेली, ते कन्सोलवर येतच नाहीत. नुसतं मॉडेल, रंग, एक्सएमएलचे आकडे असलेलं पास होऊ शकते. स्क्रिप्ट म्हणजे बाहेरचा चालणारा प्रोग्राम, आन सहीशिवाय प्रोग्राम नाही हे कालच समजलं होतं. वरून कन्सोलवर स्लॉटची मर्यादा बी आहे, एवढे स्लॉट भरले की नवीन गाडी घेता येत नाही. पीसीत तशी मर्यादा नाही, पीसीच रडेपर्यंत घेत राहा.

भाच्याच्या मित्राकडं स्कायरिम नावाचा गेम आहे, तिथंही हेच. एक्सबॉक्स वन या दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर मॉडला ५ जीबी जागा, पीएस फोरवर १ जीबी, आन पीएस फोरवर बाहेरून आणलेलं मॉडेल किंवा टेक्स्चर चालतच नाही, गेममधे आधीच आहे त्याचीच उलटापालट. एकच गेम, तीन मशीन, तीन कायदे.

मग माझी ट्रॉली मॉडहबला पाठवू का? तिच्यात स्क्रिप्ट नाही, म्हणजे दार बंद नाही. पण पाठवायचं तर लॉगमधे एकही एरर नको, तपासणी होईन, परत येईन, दुरुस्त करा, परत पाठवा. आन माझी उजवी बाजू उलटी. भाच्याची बस २५ ला आहे. नाही जमणार.

२३ नोव्हेंबर

ट्रॉली पीएस फोरवर जात नाही ना, मग टीव्हीवर नेऊ. दुकान न बैठक यांच्या मधात एकच भिंत. खिडकीतून दहा मीटरची एचडीएमआय केबल काढली, ६५० रुपये, तालुक्याहून येणाऱ्या ओळखीच्या पोराच्या हातानं मागवली. पीएस फोरचाच कंट्रोलर चार्जिंगच्या केबलनं पीसीला जोडला. विंडोजला तो कळते पण गेममधे बटनं नीट बसेनात, मग डीएस फोर विंडोज नावाचा फुकट प्रोग्राम टाकला, तो गेमला सांगते की हा एक्सबॉक्सचा कंट्रोलर आहे. बटनाच्या जागी चौकोन-गोल ऐवजी ए-बी दिसते, भाच्याला पाच मिनिट लागले. लांबीला माझी यूएसबी केबल पुरेना म्हणून भाचा खिडकीत पाट टाकून बसला.

टीव्ही तोच, कंट्रोलर तोच. आई म्हणे, "झालं का तुमचं त्याच्यात?" मी हो म्हटलं.

ट्रॉलीत मी ४०,००० लिटर माल मावायचा आकडा टाकला होता, हौसेनं. या गेममधे मालाला वजन असते. गहू भरून चढावर नेली तर छोटा ट्रॅक्टर जागच्या जागी चाकं फिरवत बसला, बाबा हसून हसून बेजार, म्हणे आता खरी आपली ट्रॉली झाली. १२,००० वर आणलं.

२५ नोव्हेंबर

ताई न भाचा सकाळच्या बसनं गेले. हिशोब: केबल ६५०, जेलब्रेकचे १,५०० वाचले. दिवस दहा, त्यातले फुकट गेलेले चार धरा.

काल रात्री मी ब्लेंडर उतरवून ठेवलं होतं, उजव्या बाजूची अक्षरं सुलटी करायला. भाच्यानं नाही म्हटलं. त्यानं मला ट्रॅक्टरच्या आत बसून दाखवलं, उजवीकडं वळलं की ट्रॉलीची उजवी बाजू ट्रॅक्टरच्या आरशात येते, आन आरशात "आई-बाबांचा आशीर्वाद" सरळ वाचता येते.

झिप त्यानं पेनड्राइव्हवर घेतली, शेजारच्या मित्राकडं पीसी आहे म्हणे.